पाण्याकाठचं कुळ

मराठी वाचकाला विलो भेटतो तो सोललेला, तासलेला आणि मुठीवर रबरी ग्रिप चढवलेला. धोबीतलावच्या दुकानात उभा राहून ‘इंग्लिश आहे की काश्मीर?’ असं विचारणारा मुलगा एका झाडाच्या दोन मुलखांबद्दल बोलत असतो, पण झाड त्यानं पाहिलेलं नसतं. त्याच्या वडिलांनीही नसतं. वनस्पतींवर मराठीत बरंच लिहिलं गेलं. वड, पिंपळ, पळस, सावर यांच्यावर तर भरभरून. विलोच्या वाट्याला मात्र क्रिकेटच्या बातम्यांतला एखादा शब्द आला आणि शाळेच्या विज्ञानात ॲस्पिरिनच्या गोष्टीतली एक ओळ. या पुस्तकाचा खटाटोप त्यासाठी आहे.

विलोच्या उपयोगांची यादी करायला बसलं तर ती लांबतच जाते. टोपल्या, मासे धरायचे पिंजरे, कृत्रिम पाय, चित्रकारांचा कोळसा, बंधाऱ्यांचे तळ, गुरांचा चारा, घरांची छतं, ज्वरावरचं औषध, बॅट. अशा याद्या मी पुष्कळ वाचल्या आणि दर वेळी त्या वाचून हाती काही लागलं नाही, कारण यादीतल्या वस्तूंचं एकमेकींशी नातं काय हे कुणी सांगत नाही. नातं आहे. माझं म्हणणं असं की या झाडाचा जवळपास प्रत्येक उपयोग त्याच्या नदीकाठच्या जगण्यातून निघालेला आहे. पूर येतो, काठ ढासळतो, गाळ साचतो, फांद्या मोडतात, जनावरं कोवळे शेंडे ओरबाडतात. या सगळ्यात टिकायचं तर झटपट वाढावं लागतं, वाकावं लागतं, मोडलं तर पुन्हा रुजावं लागतं आणि सालीत काहीतरी कडू बाळगावं लागतं. माणसानं हीच चार वैशिष्ट्यं उचलली. त्याच वैशिष्ट्यांनी पुढे त्याला अडचणीतही आणलं, ते शेवटच्या प्रकरणांत येईल.

आधी झाडाबद्दल. विलो हे एका झाडाचं नाव नाही. सॅलिक्स या वंशात 400च्या आसपास जाती मानल्या जातात आणि त्यातल्या बहुतेक उत्तर गोलार्धातल्या थंड, ओलसर मुलखात आहेत. काही जाती उंच वृक्ष होतात, बऱ्याचशा झुडपं राहतात. उत्तर ध्रुवाकडच्या आणि उंच डोंगरांवरच्या एका जातीची उंची जमिनीपासून बोटभर भरते. तिचं खोड मातीत सरपटतं आणि वर दिसतात ती दोनचार गोल पानं. जातींचा नेमका आकडा मी मुद्दाम देत नाही. हे कुळ आपसांत इतक्या सहज संकर करतं की दोन जाणकार एकाच फांदीला दोन नावं देतात. खुद्द लिनियसनं या वंशापुढे हात टेकले होते.

नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फुलं म्हणजे लोंबते किंवा उभे तुरे, त्यांना पाकळ्या नाहीत, पण मध आहे. युरोपात हिवाळा संपता संपता मधमाश्या बाहेर पडतात तेव्हा खायला फारसं काही नसतं आणि त्या वेळी विलो फुललेला असतो. पुढे मादी झाडावर बोंडं उकलतात आणि कापसाच्या तंतूंत गुरफटलेली अगदी बारीक बियाणी हवेत सुटतात. या बियाण्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ओला उघडा गाळ सापडला नाही तर ते मेलं. म्हणून बिया सुटायची वेळ नदीच्या पुराशी जुळलेली असते: पाणी ओसरतं, काठावर ताजा चिखल उरतो, त्याच वेळी कापूस उडतो.

बीज इतकं नाजूक, म्हणून झाडानं दुसरी सोय करून ठेवली आहे. त्याच्या फांदीत सुप्त मुळांचे अंकुर तयारच असतात. फांदी मोडली, पाण्यात पडली, वाहत जाऊन गाळात अडकली की रुजली. क्रॅक विलो नावाच्या जातीच्या काड्या तर जोडापाशी टचकन तुटतात, आणि ते तुटणं हाच तिचा प्रसार. खोड बुडाशी तोडलं तरी बुंध्यातून धुमारे फुटतात. ऊस तोडल्यावर खोडवा येतो तसंच हे, फक्त इथला खोडवा काही दशकं सलग घेता येतो. युरोपातल्या शेतकऱ्यांनी यातून दोन पद्धती बसवल्या. जिथे गुरं नाहीत तिथे झाड जमिनीलगत तोडायचं. जिथे आहेत तिथे माणसाच्या डोक्याहून उंचीवर तोडायचं, म्हणजे कोवळ्या धुमाऱ्यांना गुरांचं तोंड पोचत नाही. हॉलंडमधल्या चित्रांत जाड बुंध्यावर झिंज्या उभ्या असल्यासारखी जी झाडं दिसतात ती या दुसऱ्या पद्धतीची. व्हॅन गॉगनं ती पुन्हा पुन्हा रंगवली.

आता आपल्याकडचं. हे कुळ परकं आहे असं समजून हे पुस्तक कुणी बाजूला ठेवू नये. वाळुंज हा अस्सल विलो आहे. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या, नद्यांच्या काठानं तो वाढतो. महाबळेश्वरच्या बाजूला वेण्णा आणि कोयनेच्या वरच्या प्रवाहांलगत तो सापडतो. लांबट, टोकदार पान, वरून हिरवं आणि खालून पांढुरकं, त्यामुळे वारा सुटला की अख्खं झाड रंग बदलतं. साल खरबरीत, भेगाळलेली. पावसाळा सरल्यावर तुरे येतात आणि मग तोच कापूस. वनस्पतीशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमांडलच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. वाळुंज हे नाव गावांना आहे, आडनावांना आहे, पण त्या नावाचं झाड दाखवा म्हटलं तर दाखवणारे थोडे. त्याला मोठं फूल नाही, खाण्याजोगं फळ नाही, कुठल्या देवाला तो वाहिला जात नाही. आपल्याकडे झाड लक्षात राहायला यातलं निदान एक तरी लागतं.

कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक नातं सांगतो. जगमाची ती गडद लाल फळं, तळहातांत चोळून मऊ करून खायची, ती आणि विलो आज एकाच कुळात गणली जातात. जनुकांची तपासणी होऊ लागली तेव्हा शास्त्रज्ञांनी जुनी कुळं मोडून ही नवी मांडणी केली. कॉमन लेपर्ड नावाचं ठिपक्यांचं केशरी फुलपाखरू मात्र त्याआधीपासूनच जगमाच्या भाईबंदांवरही अंडी घालत होतं आणि वाळुंजावरही. सुरवंटाला चवीवरून जे कळलं ते माणसाला कळायला प्रयोगशाळा लागली.

वाकणं आणि फोक यांवरचं प्रकरण मी आधी लिहिलं. टोपली ही माणसाच्या सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक, पण ती कुजते, म्हणून पुरातत्त्वाच्या कपाटात मडक्यांची गर्दी आणि टोपल्यांची वाण. अपवाद पाणथळ जागांचा. 1913 साली कारेलियाच्या पट्टीत, अँट्रिया गावाजवळ, एका शेतकऱ्याला दलदलीत मासेमारीचं जाळं सापडलं. ते विलोच्या अंतर्सालीच्या दोरांनी विणलेलं होतं, खाली दगडांची वजनं, वर पाइनच्या सालीचे तरंगते तुकडे. त्याचं वय 10,000 वर्षांहून अधिक निघालं. शेती माहीत नसलेल्या लोकांना विलोची साल कधी सोलावी आणि कशी पिळावी हे नीट ठाऊक होतं.

इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या सखल, पाणी साचणाऱ्या जमिनींवर आजही टोपल्यांसाठी विलोची शेती होते. दर हिवाळ्यात पानं गळाली की वर्षभराची फूट बुडातून कापायची, उंचीनुसार फोक निवडायचे, जुड्या बांधायच्या. सालीसकट वाळवलेले फोक तपकिरी राहतात. जुड्या पाण्यात उभ्या करून वसंतात रस चढल्यावर सोलल्या तर पांढरे निघतात. सालीसकट तासन्‌तास उकळून मग सोलले तर सालीतला रंग लाकडात उतरून ते बदामी होतात. एका फोकाचे तीन रंग असे मिळतात, त्यात बाहेरचा कुठलाच रंग नाही. दोन महायुद्धांत तोफगोळे वाहायला आणि विमानांतून सामान टाकायला याच फोकांच्या करंड्या लागल्या. प्लॅस्टिक आल्यावर धंदा आटला, तरी गरम हवेच्या फुग्याला लटकणारी टोपली आजही बहुधा विलोची आणि वेताची असते. जमिनीवर आपटली की ती चेपते, करकरते आणि धक्का पोटात घेते. आपल्याकडे हे काम बांबूनं केलं, आणि बुरुडांच्या हातची सफाई पाहता विलोची उणीव कुणाला भासायचं कारणच नव्हतं. तुरीच्या काड्या आणि निरगुडीचे फोकही कणगी-पाट्यांना चालत.

डच लोकांनी हेच विणकाम मैदानाएवढं केलं. विलोच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून त्यांची प्रचंड चटई विणायची, ती पाण्यावर तरंगत ओढून न्यायची, वर दगड रचून जागेवर बुडवायची. वाहत्या पाण्यानं तळाची वाळू खरवडली जाऊ नये म्हणून हा गालिचा. 1932 साली पूर्ण झालेल्या आफस्लाउटडाइक या बंधाऱ्याखाली अशा चटया आहेत. समुद्राशी झुंजणाऱ्या देशानं इतक्या हलक्या लाकडावर भिस्त ठेवावी यात मला गंमत वाटते.

बॅटचं प्रकरण लांबलं आहे. ते मी लांबू दिलं. बॅटचा विलो हा पांढऱ्या विलोचा निळसर पानांचा प्रकार, एसेक्स आणि सफोक परगण्यांत वाढणारा. त्याची लागवड बियांनी होत नाही. दोनेक पुरुष उंचीचा, मुळं नसलेला सरळ दांडा ओल्या जमिनीत खोचतात. पहिली काही वर्षं खोडावर येणारा प्रत्येक डोळा हातानं पुसून काढतात, कारण डोळा राहिला तर फांदी, फांदी आली तर गाठ, आणि गाठीतून बॅट फुटते. साधारण 15 ते 20 वर्षांत झाड तोडीला येतं. ओंडक्याचे बॅटच्या पात्याएवढे तुकडे करून ते पाचर ठोकून फाडतात. करवत रेषांना आडवी जाऊ शकते, फाडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेनंच उकलतं. मग टोकांना मेण, महिनोन्‌महिने वाळवण आणि शेवटी दाबयंत्र. या दाबण्यात खरी मेख आहे. विलोचं लाकूड मऊ आणि हलकं, त्यात हवा भरपूर. पृष्ठभाग दाबून टणक केला आणि आत तो मऊ, लवचिक राहिला, की चेंडू आदळल्यावर पातं किंचित दबतं आणि परत उसळतं. सागवानाची बॅट केली तर ती उचलणार कोण? देवदाराची केली तर पहिल्या षटकात चिरणार.

क्रिकेटच्या नियमांत विलोचं नाव नाही हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. पातं लाकडाचंच असावं एवढंच नियम सांगतो. तेही स्पष्ट लिहावं लागलं ते डेनिस लिलीमुळे. डिसेंबर 1979 मध्ये पर्थच्या कसोटीत तो ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बांबूची बॅट करून पाहिली आणि ती विलोहून जोमदार असल्याचं सांगितलं. बांबू हे गवत, लाकूड नव्हे, असा नियमाचा पवित्रा खेळाचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्लबनं घेतला. वनस्पतीशास्त्राचा इतका काटेकोर वापर खेळात क्वचितच होतो.

इंग्रजी अमदानीत हा विलो काश्मीरला गेला आणि झेलमच्या खोऱ्यात रमला. श्रीनगर-जम्मू रस्त्यावर संगम, बिजबेहरा या पट्ट्यात दुकानांबाहेर बॅटच्या पात्यांचे मनोरे रचून वाळत ठेवलेले दिसतात. तिथलं लाकूड जास्त दाट, वजनदार आणि तपकिरी. हवामान आणि वाढीचा फरक आहे, जात तीच. कोकणात नि मुंबईत टेनिस चेंडूचे सामने रंगतात त्यातली बहुतेक पाती याच खोऱ्यातून येतात. इंग्लंडमधून आलेली कोरी पाती मेरठ आणि जालंधरच्या कारागिरांकडे बॅट होतात आणि त्यांतल्या कित्येक परत इंग्लंडला जातात. काश्मीरमध्ये मात्र अलीकडे लोक विलोऐवजी लवकर पैसा देणारा पॉप्लर लावतात आणि बॅटवाल्यांना लाकडाचा तुटवडा जाणवतो. पॉप्लर विलोचा सख्खा भाऊ. आपल्या मुलांच्या पेन्सिलींत त्याचंच लाकूड असतं, आणि या पुस्तकात त्याला याहून अधिक जागा नाही.

कडू सालीची गोष्ट सर्वांना माहीत आहे असं मानलं जातं, आणि ती बहुधा चुकीची सांगितली जाते. हिप्पोक्रेटिसपासून ॲस्पिरिनपर्यंत सरळ रेघ ओढण्याची हौस लेखकांना फार. रेघ तशी नाही. खात्रीचं सुरू होतं ते 1763 मध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या चिपिंग नॉर्टनच्या एडवर्ड स्टोन या पाद्र्यापासून. त्यानं विलोची साल सहज चाखली आणि तिचा कडवटपणा सिंकोनाच्या सालीसारखा वाटला. हिवतापासाठी सिंकोना महाग पडे. शिवाय स्टोनचा समज होता की रोग जिथे तिथेच जवळपास त्याचं औषध. हिवताप दलदलीत, विलोही दलदलीत. त्यानं साल भट्टीजवळ तीन महिन्यांहून अधिक वाळवली, कुटली आणि पाचेक वर्षांत सुमारे 50 रुग्णांना देऊन रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्याचा तर्क चुकीचा होता, प्रयोग मात्र नीटस होता. ताप उतरायचा हे खरं. हिवतापाच्या जंतूला मात्र विलोची साल मारत नाही, ते काम क्विनीनचं.

पुढे 1828 मध्ये म्युनिकच्या बुखनरनं सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं, 1838 मध्ये पिरियानं त्यातून सॅलिसिलिक आम्ल मिळवलं, आणि 1876 मध्ये डंडीच्या मॅकलॅगन या डॉक्टरनं सांधेतापावर सॅलिसिनचा गुण दाखवला. पण तोवर जर्मन रसायनशास्त्रज्ञ कोल्बे यानं हे आम्ल डांबरातून निघणाऱ्या फिनॉलपासून करून दाखवलं होतं. 1897 मध्ये बायरच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन तयार झालं तेव्हा कुणाला विलोची गरज उरलेली नव्हती. म्हणजे ॲस्पिरिन विलोपासून बनतं हे म्हणणं इतिहास म्हणून अर्धं खरं आणि कारखान्याच्या हिशेबानं साफ खोटं. शरीरात ते कसं चालतं हे जॉन व्हेननं 1971 मध्ये उलगडलं आणि 1982 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मला जास्त कुतूहल आहे ते झाडाला हे आम्ल कशाला हवं याचं. गेल्या काही दशकांत कळलं ते असं की सॅलिसिलिक आम्ल जवळपास सगळ्याच वनस्पतींत थोडंथोडं असतं, आणि एका पानाला रोग झाला की उरलेल्या झाडाला सावध करण्यात त्याचा वाटा असतो. विलोच्या कुळानं त्याच रसायनाचे कडू भाऊबंद सालीत आणि पानांत साठवून ठेवले, खाणाऱ्यांचा उत्साह कमी व्हावा म्हणून. तरी बीव्हर विलो खातोच, आणि काही भुंगेरे तर पानांतलं विष उचलून स्वतःच्या बचावाला वापरतात.

हिमालयावरची दोन प्रकरणं वाचकांनी सावकाश वाचावीत अशी इच्छा आहे. काश्मिरी माणूस फेरन या सैल अंगरख्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसतो. तिचं मातीचं भांडं कुंभार करतो, बाहेरची वीण विलोच्या फोकांची. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोरच्या कांगड्यांना मान आहे. पोटाला आयुष्यभर निखारे लावल्यानं तिथल्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद एकोणिसाव्या शतकातच मिशनरी डॉक्टरांनी केली. वस्तूचं कौतुक करताना ही बाजू लपवायची नाही, असं मी ठरवलं होतं. लडाखमध्ये झाड म्हणजेच संपत्ती. पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काड्या दाटीनं रचून वर गवत-माती घातली की छत झालं, पानं शेळ्यांना, वाळलेलं सरपण चुलीला. कोवळ्या खोडाभोवती लोक पत्र्याचे रिकामे डबे अडकवतात, नाहीतर गाढवं साल सोलून खातात. हिमाचलच्या लाहौलमध्येही घरोघरी विलो आहे, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या फांद्या रोवत गेल्यामुळे झाडं एकमेकांच्या प्रतीच झाली, आणि वाळण्याचा रोग आला तेव्हा एकामागून एक वाळली. नौणीच्या बागायती विद्यापीठात त्यासाठी परदेशी वाण आणून तपासले गेले. काडी खोचण्याच्या सोयीची ही किंमत. एसेक्समधल्या बॅटच्या बागांनाही एका जीवाणूच्या रोगाची धास्ती कायम असते, कारण तेच.

दुसरी किंमत काश्मीरच्या वुलर तलावानं मोजली. विसाव्या शतकात सरपणासाठी या तलावाच्या उथळ कडांवर विलो लावत गेले. विलोनं त्याला जमतं तेच केलं: मुळांत गाळ धरला, काठ पक्का केला आणि काठ पाण्यात पुढे सरकवला. 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत गेलेल्या तलावाचे सुमारे 27 चौरस किलोमीटर या लागवडीखाली गेले होते. झेलमचा पूर पोटात घेणारा तलाव उथळ झाला. पुढे 20 लाखांच्या घरातली झाडं तोडायचं ठरलं आणि मुळांसकट गाळ उपसायचं काम हाती घेतलं गेलं. झाडं तोडणं हेच पर्यावरणाचं काम ठरावं, हे शहरातल्या वाचकाला पचवणं जड जातं. मला ती तोड योग्य वाटते. न्यूझीलंडमध्ये क्रॅक विलोचे फक्त नर आहेत, एकही बी नाही, तरी मोडक्या काड्यांच्या जोरावर त्यानं नद्याच्या नद्या अडवल्या. ऑस्ट्रेलियानं तर थोडे अपवाद वगळून सगळा सॅलिक्स वंशच देशातल्या सर्वांत त्रासदायक तणांत घातला आहे.

काही गोष्टी गाळल्या आहेत. झुकत्या फांद्यांचा चिनी विलो, छांग-आनच्या पुलावर निरोप देताना मोडली जाणारी त्याची डहाळी, लिनियसनं गैरसमजातून त्याला दिलेलं बाबिलोनचं नाव आणि फारसी काव्यातला मजनूचा विलो, हा सगळा वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. विलोच्या सालीचे काढे कसे करावेत हेही इथे सापडणार नाही. परदेशी जातींना मी विलो म्हटलं आहे आणि आपल्याकडच्याला वाळुंज. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी पावसाळा उलटल्यावर घाटमाथ्याच्या एखाद्या बारमाही ओढ्याच्या काठानं जावं, पानाची खालची बाजू पाहावी, आणि तुरे आले असतील तर झाड नर आहे की मादी ते आधी ठरवावं. पिवळे परागकोश दिसले तर नर, हिरवी बोंडं दिसली तर मादी. दोन्ही एकाच फांदीवर दिसली तर ते झाड वाळुंज नाही.